जयवंताबाईंचा डावा हात

हिंगणघाटात नाचाची मशीन आणणारा येडा म्हणजे मीच, प्रफुल. लोक अजून त्याच नावानं चिडवतात, चिडवोत बापडे. त्या मशीनच्या नादात मी आणखी एक काम केलं. ते गावात कुणालाच ठाऊक नाही, आणि टोचतं ते तेच. म्हणून हे मशीनपेक्षा जयवंताबाईंविषयी आहे.

आमचं कापडाचं दुकान. खाली दुकान, वर गोदाम. माझे वडील, सदाशिवराव, सकाळी गादीवर बसले की दुपारच्या जेवणालाच उठायचे. मला त्या गादीचा भयंकर कंटाळा. म्हणून २००२ साली मी हट्ट करून वरचं गोदाम रिकामं करून घेतलं आणि तिथं व्हिडिओ गेमचं पार्लर टाकलं. मारामारीचे दोन गेम, गाड्यांचा एक. दुसऱ्या वर्षी नागपूरच्या एका माणसाकडे मुंबईच्या बंद पडलेल्या पार्लरचा माल आला, त्यात ही मशीन होती. कपाटाएवढी उंच, अंगभर जपानी अक्षरं. सहा माणसांनी ती जिन्यानं वर चढवली तेव्हा बाबा खालून म्हणाले, "हे काय आनलं बे? कपाट होय का देव्हारा?"

मशीन अशी होती. समोर टीव्हीसारखा मोठा पडदा. पडद्यापुढं दोन जणांना शेजारी शेजारी उभं राहायला जागा. प्रत्येकाच्या पुढ्यात कमरेच्या उंचीवर दोन आडव्या दांड्या, एक उजव्या हाताला, एक डाव्या हाताला. प्रत्येक दांडीला काळ्या काचेचे दोन डोळे, सुपारीएवढे. एक डोळा दांडीच्या पाठीवर, वर बघणारा. दुसरा तिच्या पोटाला, जमिनीकडे तोंड करून. तो वाकून पाहिल्याशिवाय दिसायचा नाही. गाणं सुरू झालं की पडद्यावर बाण खालून चढत यायचे. बाण वरच्या रेघेला टेकला की त्या डोळ्यासमोरून हात न्यायचा. कशाला शिवायचं नाही, काही दाबायचं नाही, नुसता हवेतून हात. वेळेवर गेला तर मशीन खूश होऊन ओरडायची, नाही गेला तर लाल अक्षरात "मिस".

गाणी सगळी तिकडची. शब्द म्हणून कळायचा नाही. त्यांचं बारसं आम्हीच केलं. एक पोरगी रडवेल्या आवाजात गायची ते "रडकं". एक भलतंच पळायचं ते "एक्स्प्रेस". आणखी एक होतं, त्यात गाणारं कुणी नव्हतंच, नुसता ठेका. खाली जड घरघर, तिच्यावर ठक-ठक, ठक-ठक, मधेच एक ठोका गाळायचा आणि पुन्हा ठक-ठक. ते कुणालाच आवडायचं नाही. त्याचं नाव जयवंताबाईंनी ठेवलं.

जयवंताबाई जिनिंगमध्ये रेच्यावर काम करायच्या. कापसातून सरकी वेगळी करणारी मशीन म्हणजे रेचा. तिच्यासमोर उभं राहून दोन्ही हातांनी कापूस आत सारायचा, हे बायकांचं काम. आठ आठ तास. बाई पंचेचाळिशीच्या, उंच, वाळक्या. केसांत आणि भुवयांवर रुईचा भुरा कायमचा बसलेला. रेच्याच्या गोंगाटात बोलून बोलून आवाज असा झाला होता की त्यांनी कानात गुपित सांगितलं तरी ते चौकापर्यंत जायचं. नवरा कधीच वारलेला. घरात त्या आणि लग्नाला आलेली मुलगी, कांता.

एका दुपारी त्या झंपराचं कापड घ्यायला दुकानात आल्या होत्या. मीच कापड दाखवत होतो. वर कुणीतरी चुकून ते बिनगाण्याचं गाणं लावलं. बाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं आणि छताकडे पाहिलं.

"वर कोन्या जिनिंगचा रेचा लावला जी?"

"रेचा नाही बाई, गेम आहे. गाणं आहे ते."

"असं कसं गानं? रेचाच होय हा. आयका. आता ठोका सुटते पाहा. सुटला? आता पकडते."

ठोका त्यांनी म्हटला तिथंच सुटला. तेव्हापासून त्या गाण्याला सगळे "रेच्याचं" म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्या कांताला घेऊन वर आल्या. आधी तासभर नुसत्या उभं राहून पाहिलं. मग डावीकडच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या, कारण रेच्यांच्या रांगेतही त्यांची जागा अगदी डावीकडची. मी रेच्याचं गाणं लावून दिलं. पहिल्या आठ-दहा बाणांना गोंधळल्या, आणि मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला अजून कळलेलं नाही. आमची कॉलेजची पोरं त्या मशीनपुढं अंग घुसळून घामाघूम व्हायची. बाईंचं अंग स्थिर. हलत होते ते फक्त दोन हात, तळवे उघडे, बोटं सैल. डावा जायचा, उजवा यायचा, वरून, खालून, आणि बाई मान वळवून कांताला घरी भाजी कोणती करायची ते सांगत होत्या. मशीन एकसारखी खूश होऊन ओरडत होती. लोक नाच म्हणजे काय काय समजतात, पण मला विचाराल तर हिंगणघाटात मी खरा नाच तेवढाच पाहिला.

गाणं संपल्यावर मी विचारलं, "हाताकडे बघतच नाही तुम्ही?"

"हाताकडं पाह्यचं नसते भाऊ. पाह्यलं का हात चुकते. मनकर्णा पाहे."

मनकर्णाबाई म्हणजे त्यांच्या शेजारच्या रेच्यावरची बाई. एका हंगामात तिचा हात जरासा मागं राहायला लागला, अर्ध्या ठोक्यानं. तिनं लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. नुसती हाताकडे डोळे लावून काम करायची. पंधरा दिवसांत तिची दोन बोटं गेली.

"हात मागं राह्यला का आपन होऊन रेच्यापुढून हटून जायचं," जयवंताबाई म्हणाल्या. "लाज नाई धरायची. मी तं त्याच दिवशी हटन."

तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, तुमचा हात कशाला मागं राहतो.

जिनिंगला सुट्टी असली की त्या यायच्या. पोरं त्यांना पाहिलं की डावी बाजू सोडून द्यायची. बाईंना वाचता येत नव्हतं, पण कोणतं गाणं कितव्या नंबरावर हे तोंडपाठ. खेळून झालं की हात पदराला पुसायच्या, जणू खरंच काही लागलं आहे, आणि मशीनला नमस्कार करून जिना उतरायच्या. मला त्या नमस्काराचं हसू यायचं. आता येत नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी स्पर्धा ठेवली. बक्षीस शिलाई मशीन, आमच्या दुकानातर्फे, नवी कोरी. चार दिवस आधी सुरुवातीच्या फेऱ्या झाल्या आणि शेवटच्या फेरीला दोघी उरल्या. एक रीता, बाजारातले बडे व्यापारी मधुकरराव यांची मुलगी, कॉलेजात जाणारी. पोरगी खरंच चांगली खेळायची, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. दुसऱ्या जयवंताबाई. फेरीच्या आदल्या दिवशी त्या दुकानात येऊन शिलाई मशीनवरून हात फिरवून गेल्या. कांता शिवणाच्या क्लासला जात होती.

"हिले मी रेच्यावर उभी नाई करत," त्या मला म्हणाल्या. "मशीन भेटली तं घरी बसून शिवन. माहा जलम भुऱ्यात गेला, हिचा नाई जाऊ द्यायचा."

आता दसऱ्याच्या सकाळचं सांगतो. आमच्या घरी त्या दिवशी कामाच्या प्रत्येक वस्तूची पूजा असते. कैची, मीटरची पट्टी, तराजू, सगळ्यांना कुंकू, अक्षता, झेंडूचा हार. आणि पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी कामाला जुंपायचं नाही. जिनिंगमध्येही तेच, म्हणून तर बायांना सुट्टी. बाबांनी मला सुनावलं, "पुजलेली मशीन आज चालवत नसतात बे. तिले आराम असते." मी म्हटलं, गाव गोळा होणार आहे, आता स्पर्धा रद्द करू? बरीच खडाजंगी झाली. शेवटी आईनं, यशोदाबाईनं, तोड काढली की पूजा करायची आणि स्पर्धा सुरू होईपर्यंत तरी मशीनला कुणी हात लावायचा नाही. बाबांनी तेलात कालवलेल्या कुंकवाची वाटी माझ्या हातात दिली. "तुह्या देवाले तूच लाव."

मी वर गेलो. पडद्याच्या कपाळावर मोठा टिळा लावला, हार घातला. डाव्या बाजूला, डाव्या हाताच्या दांडीचा खालचा डोळा मधूनमधून रुसायचा. म्हटलं, याची वेगळी पूजा करू. वाकलो, हात जोडले, मनात म्हटलं, बाबा रे, आज सांभाळ. आणि अंगठ्यानं त्या डोळ्यावर चांगलं जाड कुंकू लावलं, त्यात दोन अक्षता चिकटवल्या.

मशीन चालवून पाहायची नाही, हे घरात ठरलेलंच होतं. मी ते पाळलं. घरातलं मी फारसं काही पाळत नाही, पण ते नेमकं पाळलं.

अकरा वाजता पार्लरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यावर माणसं, खिडकीत माणसं. जयवंताबाईंबरोबर जिनिंगच्या पंधरा-वीस बाया आल्या होत्या, त्यांचा मुकादम रामाजीही होता. बाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. त्या दिवशी केसांत भुरा दिसला नाही. कधी उठून न्हाल्या असतील कोण जाणे. माझ्या हातात माइक होता आणि माइक हातात आला की माझी जीभ माझी राहत नाही.

दोघींनी एकेक गाणं निवडायचं होतं. रीतानं एक्स्प्रेस घेतलं. गाणं सुरू झालं, आणि थोड्याच वेळात बाईंच्या बाजूला लाल अक्षरं उमटली. मिस. मग पुन्हा मिस. दर वेळी डावीकडचा खालचा बाण. गर्दीतून "अरे अरे" आलं. मी बाजूलाच उभा होतो. त्यांचा हात जाताना मी डोळ्यांनी पाहत होतो. हात जात होता. पडदा म्हणत होता, गेला नाही. आणि मी पडद्यावर विश्वास ठेवला.

मग त्यांचं गाणं लागलं, रेच्याचं. त्यात दर दुसऱ्या ठोक्याला डावा खालचा बाण. मिस, मिस, मिस. बाईंनी हात जोरात नेला. मग लवकर नेला. मग थोडा थांबवून नेला. आणि मग मी जे आजवर कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. जयवंताबाईंनी पडद्यावरची नजर काढली आणि त्या आपल्या हाताकडे बघायला लागल्या. त्यानंतर उजवाही चुकायला लागला.

मी माइकवर म्हणालो, "काय जयवंताबाई, डावा हात घरी विसरून आलात काय? पार मागं राह्यला तुमचा!"

लोक हसले. जिनिंगच्या बाया नाही हसल्या. रामाजीही नाही हसला, तो बाईंच्या हाताकडे बघत होता.

गाणं संपलं. बाई तशाच उभ्या. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, आणि इतक्या हळू की मला कान पुढं करावा लागला.

"खरंच मागं राह्यला का जी माहा हात?"

तेव्हा मी म्हणू शकत होतो की मला तर जाताना दिसला. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मशीन खोटं बोलत नाही बाई."

रीताच्या घरचे शिलाई मशीन रिक्षात घालून फटाके फोडत गेले. गर्दी पांगली. जयवंताबाई जायच्या आधी माझ्याजवळ आल्या आणि कमरेला खोचलेलं आपट्याचं पान काढून मला दिलं. "घ्या भाऊ, सोनं." उजव्या हातानं दिलं. डावा हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतला होता.

दुपारी तीनच्या सुमारास मी मशीनचा हार काढायला वर गेलो. सहज म्हणून डाव्या बाजूला उभा राहिलो आणि हात चालवला. खालचा डोळा गप्प. वाकून पाहिलं. कुंकू वाळून घट्ट बसलं होतं, अक्षतांसकट. ओल्या फडक्यानं पुसलं, पुन्हा हात नेला, आणि मशीन खूश होऊन ओरडली.

मी तिथंच फरशीवर बसलो. नंतर मनात काय काय आलं ते क्रमानं सांगतो, कारण त्यात माझी लाज आहे. पहिलं आलं ते हे की मधुकररावांच्या घरून मशीन परत कशी आणायची. दुसरं, की बाबा म्हणतील, सांगतलं नव्हतं? तिसरं, की अख्खा बाजार म्हणेल, प्रफुलनं गेमच्या डोळ्याला कुंकू लावलं. जयवंताबाई चौथ्या नंबरावर आल्या, आणि तेव्हाही मला वाटलं की त्यांचं नुकसान एक शिलाई मशीन, दिवाळीला देऊन टाकू. फडकं धुऊन वाळत घातलं आणि खाली येऊन लोकांना सोनं वाटत बसलो.

दिवाळीला मी खरंच दुसरी शिलाई मशीन घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाईंनी ती दाराच्या आत घेऊ दिली नाही.

"जितली नाई तं काऊन घेऊ जी?"

"अहो, माझ्याकडून कांताला भेट समजा."

"कांताले मी पाहीन. तुमी चहा घ्या."

चहा कांतानं आणला. बाईंनी कप उजव्या हातानं घेतला आणि बशी मांडीवर ठेवली. डावा हात लुगड्याच्या घडीत होता. मी ते पाहिलं. सांगायला तोंड उघडलं आणि चहा छान झाला आहे असं म्हणालो.

पुढं महिन्याभरानं रामाजी मुकादम दुकानात धोतरजोडी घ्यायला आला. तो म्हणाला, "तुमच्या त्या खेळानं माही पहिल्या नंबरची बाई गेली भाऊ. नवा हंगाम सुरू झाला, पहिल्याच दिवशी मले म्हणे, हात मागं राहून राह्यला, मले रेच्यावरून काढा. आता आवारात सांडलेला कापूस झाडते. मी म्हटलं, एक डाव उभी तं राहून पाह्य. नाई म्हणे, मशीन खोटं बोलत नाई."

माझे शब्द होते ते. मी धोतरजोडीची घडी घालत होतो, घालतच राहिलो. रामाजीला तिथंच सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या परत रेच्यावर उभ्या राहिल्या असत्या. मी म्हणालो, "वय झालं असेल." वय! दोन महिन्यांपूर्वीपर्यंत त्या हातांपुढं कॉलेजची पोरं हात टेकत होती. मला सगळं समजलं होतं. नाही समजलं असं स्वतःला म्हणायची सोय तेवढी मी करून घेतली, आणि ती सोय सात वर्षं वापरली.

जयवंताबाई पुन्हा पार्लरमध्ये आल्या नाहीत. रस्त्यात दिसायच्या, तेव्हा "बरं हाय ना भाऊ" म्हणून पुढं जायच्या, पिशवी नेहमी उजव्या हातात. दुसऱ्या वर्षी कांताचं लग्न झालं. जावई वर्ध्याला नोकरीवर, घर सिंदी मेघेला. कांतानं सासरी गेल्यावर नवऱ्याकडून शिलाई मशीन घेतली, म्हणजे ज्या वस्तूचं मी ओझं वाहत होतो ती वस्तू तिला अशीही मिळाली. पुढं जिनिंगमध्ये कापूस आपोआप सारणारी यंत्रं आली, रेच्यापुढच्या बाया गेल्या. जयवंताबाई मुलीकडे राहायला गेल्या. मी मनाला म्हटलं, चला, सगळ्यांचं बरंच झालं.

पार्लरही कुठवर चालणार. घरोघरी कॉम्प्युटर आले, पोरांच्या हातात मोबाइल आले. २०१० च्या उन्हाळ्यात मी नाचाची मशीन भंगारात काढली. गाणी बंद होऊन वर्ष झालं होतं. भंगारवाला जिन्यावरून दांड्या उतरवत होता. डाव्या बाजूची दांडी त्यानं उलटी धरली तेव्हा तो काळा डोळा उन्हात आला. स्क्रूनं बसवलेली एक कडी होती त्याच्याभोवती. मी स्क्रू काढला. कडीखाली, जिथं माझं फडकं पोचलं नव्हतं तिथं, कुंकवाची बारीक लाल रेघ होती. सात वर्षांनीही लाल.

तो डोळा रुमालात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी वर्ध्याची बस पकडली.

सिंदी मेघेला घर सापडायला वेळ लागला नाही. कांता पडवीत मशीनवर शिवत होती. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, केस सगळे पांढरे, आवाज तेवढाच मोठा. "या जी प्रफुलभाऊ! सदाशिवराव बरे हायत ना? दुकान चालते?" कांताची मुलगी बाहेरून धावत आली, पाच वर्षांची असेल, काजल नाव. तिनं आजीच्या उजव्या बाजूला अंग टेकलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी रुमाल सोडला. डोळा बाईंच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. बाबांची वाटी, रुसणारा डोळा, माझा अंगठा, तीन वाजता फिरवलेलं ओलं फडकं. माइकवरचं वाक्यही सांगितलं. काही गाळलं नाही. शेवटी म्हणालो, "हात गेला होता तुमचा, बाई. दर वेळी गेला होता. मला दिसत होता."

मला वाटत होतं त्या शिव्या देतील. मनापासून वाटत होतं की द्याव्यात. कांताची मशीन थांबली होती. बाईंनी तो काचेचा डोळा उचलला, फिरवून पाहिला, कडेच्या लाल रेघेवर नख घासलं.

"म्हंजे हात बरा होता?"

"हो."

"तवाही? मंगही?"

"कधीच काही झालं नव्हतं."

 त्यांनी लुगड्याच्या घडीतून डावा हात बाहेर काढला आणि मांडीवर उताणा ठेवला. चांगला धड हात, बोटं लांब. त्या हाताकडे बघतच बोलल्या.

"हे काजल झाली, तं दवाखान्यात नर्सबाईनं पयले माह्यापुढं धरली. मी म्हटलं, मले नका देऊ, माह्या हातून पडन. कांता म्हणे, घे ना आई. नाई घेतली. सव्वा महिना तिले न्हाऊ मी नाई घातलं, शेजारीन घाले. उचलून एक डाव नाई घेतली, भाऊ. कडेवर नाई, पाळन्यात ठेवाले नाई. रडे तं मी कांताले हाका मारो."

कांता मशीनमागून म्हणाली, "मले वाटे आईले पोरगी झाल्याचं वाईट वाटलं. मी बोललीही तिले तसं."

 माफ करा म्हणालो. ते शब्द इतके हलके निघाले की मलाच त्यांची शरम वाटली. शिलाई मशीनचं ओझं घेऊन मी सात वर्षं फिरलो, आणि इथं काय गेलं ते मला ठाऊकच नव्हतं. दसऱ्याच्या त्या दुपारी तीन वाजता जिना उतरून त्यांच्या घरापर्यंत गेलो असतो तर दहा मिनिटं लागली असती.

 जयवंताबाईंनी काचेचा डोळा बाजूला ठेवला, जरा सावरून बसल्या आणि डावा हात पुढं केला, तळवा उघडा, बोटं सैल, अगदी पूर्वीसारखा.

"ये वं काजल. अशी ये माह्यापाशी."

काजल हसली. पुढं आली. आजीचा डावा हात वाटेत होता, तो तिनं जपून ओलांडला आणि सवयीनं उजव्या बाजूला जाऊन बसली.